दोह्यातला जुलै, युद्धाच्या बातम्या आणि साताऱ्याच्या घाटाची तयारी : धावणे चालू कसे ठेवावे?

प्रश्न : दोहाकर_सातारकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त कतारमध्ये, दोह्यात राहतो. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदवले आहे. म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा आहे, आणि त्याची सगळी तयारी मात्र इथल्या सपाट रस्त्यांवर, ऐन उन्हाळ्यात करायची आहे. उन्हाळ्याचे मला तसे नवल नाही. पहाटेची अजान झाली की बूट चढवायचे, मशिदीतून परतणारी माणसे रस्त्यात भेटतात त्या सुमारास कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, पोहोचायचे आणि पावणेपाचला सूर्य वर आला की परतीची वाट धरायची, असा माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता आहे.

यंदा ही घडी विस्कटली आहे. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले तेव्हापासून फोन उशाशी ठेवून झोपण्याची सवय लागली, आणि २३ जूनच्या संध्याकाळी इराणने इथल्या अल उदैद या अमेरिकी सैन्याच्या हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली तेव्हा ती पक्की झाली. त्या संध्याकाळी हवाई हद्द बंद झाली, भारतीय दूतावासाने घरातच राहण्याचे आवाहन केले आणि वरच्या वर क्षेपणास्त्रे फुटताना आम्ही खिडकीतून पाहिली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि कचेऱ्याही सुरळीत चालू झाल्या, पण माझी झोप काही अजून ताळ्यावर आलेली नाही. शाळांना सुटी लागल्याने पत्नी आणि मुले साताऱ्याला गेली आहेत, घर रिकामे आहे, आणि आई रोज फोनवर एकच सांगते, ‘नोकरी राहू दे, तू आधी घरी ये.’ रात्री दोनला जाग आली की हात आपसूक फोनकडे जातो.

गेल्या उन्हाळ्यात ज्या वेगाने धावताना नाडीचे ठोके १४५ च्या आसपास राहत, त्याच वेगाला ते आता १६० च्या पुढे जातात. हा दोष उष्म्याचा आहे की झोपेचा, हे कसे ओळखावे? सप्टेंबरपर्यंत सरळ ट्रेडमिलवर जावे का? आणि शेवटचे, थोडे अवघड वाटणारे : शेजारच्या देशात माणसे मरत असताना आपण घड्याळातले आकडे बघत धावतो आहोत, याची मनाला टोचणी लागते. इतरांनाही असे होते का?

उत्तर : वैद्य_नागपूर

मी डॉक्टर आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात धावतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. आपल्याकडे दुपारी पारा ४४ वर असतो, पण हवा कोरडी असते. दोह्यात पहाटे पारा ३२-३३ असूनही शरीराचे हाल अधिक होऊ शकतात. नागपुरातला खसाच्या ताट्यांचा कूलर समुद्रकाठी नेऊन लावला तर तो खोली गार करत नाही, नुसती ओल वाढवतो. आपल्या घामाचेही तेच होते. घाम नुसता निथळून उपयोग नसतो, तो उडून गेला तरच अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून नुसते तापमान पाहू नका, दवबिंदूही (हवेत ओल किती आहे ते सांगणारा अंशांतला आकडा) पाहा. तो २४-२५ च्या वर असेल तर वेगाचा नाद सोडावा आणि २८ च्या आसपास असेल तर त्या दिवशी बाहेर धावूच नये, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. तुमच्याकडे वायव्येकडून शमाल हा वारा वाहत असतो तेव्हा हवा कोरडी असते (धूळ असते, तो भाग निराळा), आणि तो पडून समुद्राकडचा वारा सुटला की एका रात्रीत सगळे पालटते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या एखाद्या पहाटेशी या वर्षीच्या पहाटेची तुलना करताना त्या दोन दिवसांची हवा एकसारखी होती का, हे आधी तपासावे.

आता ठोक्यांविषयी. उष्म्यात रक्ताचा बराच वाटा त्वचेकडे वळतो, घामाने रक्तातले पाणीही कमी होते, आणि स्नायूंचा पुरवठा राखण्यासाठी हृदयाला अधिक वेळा ठोके द्यावे लागतात. अपुरी झोप आणि ताण यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो, म्हणून धावतानाच्या आकड्यावरून दोष कोणाचा ते वेगळे काढता येत नाही. त्यासाठी सकाळी अंथरुणातच, फोन हातात घेण्यापूर्वी, नाडी मोजून लिहून ठेवावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर त्याचा दोष त्या पहाटेच्या हवेला देता येणार नाही, कारण तुम्ही अजून वातानुकूलित खोलीत आहात. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे; ताप किंवा चहाचा अतिरेक यांनीही नाडी वाढते. अशा दिवशी चालून यावे किंवा सरळ परत झोपावे.

शरीर उष्म्याला सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात रोज तासाभराचा श्रम उष्म्यात व्हावा लागतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. दोन-तीन आठवडे सराव तुटला की हे सगळे बऱ्याच अंशी ओसरते. जूनच्या उत्तरार्धात तुम्ही किती वेळा बाहेर पडलात ते तुम्ही लिहिलेले नाही, परंतु वाढलेल्या ठोक्यांचे एक कारण तिथेच असावे असा माझा कयास आहे.

पाण्याविषयी एवढेच, की धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. घटलेला एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम. वजन वाढलेले आढळले तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले आहे, आणि तेही धोक्याचेच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम घटलेले आढळले होते. लांब धावल्यानंतर ओआरएस घ्या, पण पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवून.

आणखी एक. घाम येतो आहे तोवर उष्माघात होत नाही, ही समजूत चुकीची आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. खरी खूण म्हणजे बोलण्यात-वागण्यात आलेला गोंधळ, आणि तो ज्याचा त्याला कळत नाही. म्हणून घरी कोणी नसताना एकट्याने धावणे मला सर्वांत जास्त खटकते.

उत्तर : मस्कतचा_जुना_रहिवासी

डॉक्टरांशी सहमत आहे, पण झोपेसाठी फोन बंद करून ठेवा असा सल्ला इथे लवकरच कोणीतरी देईल, म्हणून आधीच लिहितो. पुण्या-मुंबईत बसून तो देणे सोपे आहे. आखातात राहणाऱ्याला हवाई हद्द बंद झाली का, दूतावासाने काही सांगितले का, हे वेळेवर कळणे गरजेचे असते. मात्र ती सूचना आणि रात्री दोन वाजता कुठल्याशा वाहिनीवर चाललेली जाणकारांची वादावादी यांत फरक आहे. आम्ही चार मित्रांनी आठवड्याच्या पाळ्या लावल्या आहेत. ज्याची पाळी असेल त्याने दूतावासाच्या आणि सरकारी सूचनांवर लक्ष ठेवायचे आणि खरोखर काही घडले तर बाकीच्यांना फोन करायचा. उरलेल्या तिघांचे फोन रात्री दिवाणखान्यात असतात आणि ठरावीक क्रमांकांचीच घंटा वाजेल अशी सोय केलेली असते. डॉक्टरांनी म्हटलेली एकट्याची अडचणही याच मंडळींनी सुटते, कारण पहाटे निघताना आणि परतल्यावर एक ओळ गटावर टाकायची आणि ठरल्या वेळेत ती आली नाही तर फोन करायचा, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

ट्रेडमिलविषयी मनात कमीपणा आणू नका. २०१९ ची जागतिक मैदानी स्पर्धा तुमच्याच शहरात झाली. महिलांची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू केली, तरीही तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक होती, आणि सुरुवात केलेल्या ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. तो सप्टेंबरचा शेवट होता, आणि धावणाऱ्या जगातल्या निवडक खेळाडू होत्या. कतारचा कायदासुद्धा १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करू देत नाही, आणि आर्द्रता व ऊन धरून मोजलेला उष्मा ३२.१ अंशांच्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवावे लागते. जिथे मजुराला थांबवण्याची तरतूद आहे तिथे हौशी धावपटूने हट्ट का धरावा? शिवाय उम्म अल सनीम बागेत किलोमीटरभराहून लांब असा वातानुकूलित मार्ग आहेच.

उत्तर : घाटवाट_पुणे

मी घाटाविषयी लिहितो, कारण त्याची चर्चा राहून गेली आहे. साताऱ्याच्या स्पर्धेत पहिला अर्धा भाग मुख्यतः चढाचा असतो, आणि बाहेरगावहून येणारे धावपटू त्याचाच धसका घेतात. मात्र पाय भरून येतात ते परतीच्या उतारावर, जिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. चढाचा सराव ट्रेडमिलला पाच-सहा टक्के चढ देऊन आठवड्यातून एकदा सहज होईल. उताराची सोय बहुतेक ट्रेडमिलवर नसते. त्यासाठी बहुमजली वाहनतळाचा उतार शोधा. सुटीच्या दिवशी सकाळी तो रिकामा असतो. रखवालदाराला आधी विचारून ठेवा, चढताना चाला, उतरताना छोटी पावले टाकत धावा, आणि पहिल्या वेळी फार तर पंधरा मिनिटांत आवरा, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाईल. नंतर मात्र त्या दुखण्याला स्नायू फार लवकर सरावतात, त्यामुळे दहा-बारा दिवसांतून एकदा केले तरी पुरते.

आपल्या टोचणीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, त्याच युद्धातून परतलेल्या विक क्लॅफम यांनी १९२१ मध्ये सुरू केली, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ अशी पाच वर्षे ती भरलीच नाही. त्याच लोकांनी एकदा धावण्याचा मार्ग निवडला आणि एकदा थांबण्याचा. धावल्याने इराणमधल्या किंवा गाझातल्या कोणाचे काही कमी होत नाही, हे खरे असले तरी एखाद्या पहाटे मन तयार नसेल तर न धावणे म्हणजे शिस्त मोडणे असे मानू नये. (आईला मात्र रोज ठरल्या वेळी स्वतःहून फोन करावा. तिची काळजी बातम्यांपेक्षा तुमच्या उशिरा आलेल्या फोनने जास्त वाढत असणार.)

प्रश्नकर्त्याचे उत्तर : दोहाकर_सातारकर

सर्वांचे आभार. डॉक्टरांचा कयास खरा आहे, जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मी जवळपास बाहेर पडलोच नव्हतो. नाडीची वही कालपासून सुरू केली आहे. कचेरीतले दोन मराठी सहकारी पाळ्यांच्या व्यवस्थेत यायला तयार झाले आहेत. त्यांतला एक धावत नाही, पण जागरणाची त्याला सवय आहे असे तो म्हणतो! आठवड्यात दोन दिवस ट्रेडमिल, दोन दिवस पहाटे बाहेर आणि शुक्रवारी वाहनतळ असा बेत केला आहे. एक शंका उरते. बाहेरच्या दोन दिवसांनी उष्म्याचा सराव टिकेल का, आणि साताऱ्यात सप्टेंबरला हवा गार असताना त्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : वैद्य_नागपूर

दोन दिवसांनी सराव पूर्ण टिकणार नाही, पण मोडणारही नाही. दोन्ही वेळा मिळून तास-सव्वा तासाचा संथ श्रम झाला तरी चालेल, मात्र त्या दोन दिवसांमध्ये तीनपेक्षा अधिक दिवसांचे अंतर पडू देऊ नका. वाढलेला रक्तद्रव गार हवेतही थोडा कामी येतो, त्यामुळे साताऱ्यात तोच वेग हलका वाटेल. नेमका हाच तिथला सापळा आहे. घाटाच्या पायथ्याशी गार वाटते म्हणून जोर लावू नका, आणि चढावर घड्याळातल्या वेगाऐवजी श्वासाकडे लक्ष द्या. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तिथून पुढे चालत जा.