बाटलीच्या आधी ड्रम
औषधाच्या तयार सिरपची बाटली तपासली की झालं, असं म्हणतात, ते मला पटत नाही. विष शिरतं ते कच्च्या मालातून, म्हणजे सिरपमध्ये घालतात त्या ग्लिसरीनसारख्या द्रवातून. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं म्हणून. न्या. लेंटिन चौकशी आयोगाने ते सगळं उजेडात आणलं.

मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. चांगलं आणि भेसळीचं ग्लिसरीन शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही, दोन्ही पाण्यासारखी नितळ. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच्या चाचणीत, पत्ता लागतो; या विषाची मर्यादा ०.१ टक्का. भेसळ एखाद्याच ड्रममध्येही असू शकते, म्हणून लॉटमागे (एका खेपेच्या मालामागे) एक नमुना पुरत नाही. २० ड्रम आले तर वीसही उघडायचे, प्रत्येकात तळापर्यंत नळी घालायची. उत्पादनवाले खालून फोनवर फोन करतात, तरी एकही ड्रम सोडायचा नाही.