शब्दचर्चा : ‘लेफ्ट टॅकल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी चीफ्स संघाच्या २०२४च्या हंगामावरच्या मजकुरात ‘रिलायबल लेफ्ट टॅकल’ वारंवार येतं. ‘विश्वासार्ह डावा बचावपटू’ चालेल का?

उत्तर : बचावपटू नको. वाचक त्याला समोरच्या संघात नेऊन बसवेल. हा चढाई करणाऱ्या संघाचा गडी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गार्ड, त्यांच्या बाहेर एकेक टॅकल, अशी पाच जणांची फळी. गंमत म्हणजे कुणाला टॅकल करणं, म्हणजे पाडणं, हे त्याचं कामच नाही. त्यानं अडवायचं, तेही न धरता. धरलं की होल्डिंग, १० यार्डांचा दंड. म्हणजे कबड्डीतली ‘पकड’ही बाद. ‘रक्षक’ म्हणाल तर शेजारच्या गार्डला काय म्हणणार? टॅकलच ठेवा. फक्त ‘डावा टॅकल’ डावखुरा वाटतो, तेव्हा ‘डावीकडचा टॅकल’.

उपप्रश्न : आणि ‘ब्लाइंड साइड’? आंधळी बाजू?

उत्तर : ‘नजरेआडची बाजू’. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा गडी, फळी सांभाळते ती त्यालाच. उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक डावा खांदा पुढे काढतो, त्यामुळे डावीकडून येणारा त्याला दिसत नाही. टुआ टागोवायलोआसारखा डावखुरा असेल तर हीच बाजू उजवीकडे जाते. म्हणून ‘डावी बाजू’ असं भाषांतर करू नये.

आणखी एक : ‘विश्वासार्ह’ बातमी असते, साक्षीदार असतो. गडी भरवशाचा. आणि इथे भरवसा म्हणजे नेमकं काय, ते चीफ्सकडे बघून कळतं. २०२४मध्ये या जागी किंग्सली सुआमाटाइया, वान्या मॉरिस असे आजमावून झाले. शेवटी डावीकडच्या गार्डला, म्हणजे ‘जो थूनी’ला, एक जागा बाहेर सरकवलं. गार्डच्या दोन्ही बाजूंना सोबती असतात, त्याला थोडक्या जागेत भिडायचं असतं. टॅकलची बाहेरची बाजू उघडी. चेंडू हलताच डावा पाय मागे टाकायचा, उजवा त्यामागून ओढायचा, पाय जुळू द्यायचे नाहीत, छाती समोरच्याकडेच ठेवायची. घाईत अंग बाहेर वळलं की समोरचा आतून शिरतो. मागे जायला उशीर झाला की बाहेरून वळसा घालतो. इथे लांब हात लागतात, म्हणून निवड करणारे ३४ इंचांची फूटपट्टी लावतात. फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ईगल्स संघानं चीफ्सना ४०-२२ असं हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ६ वेळा पाडलं. त्याच वर्षी चीफ्सनी ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत जॉश सिमन्स हा टॅकलच घेतला.

‘६ वेळा पाडलं’ असंच लिहा. ‘६ सॅक’ म्हटलं की दप्तरं डोळ्यांसमोर येतात. आणि फळीतल्या गड्याला नुसतं ‘लाइनमन’ म्हणू नका, लोक विजेच्या खांबाकडे बघतील.