मदत हवी आहे: मिसूरी व्हॅली कॉन्फरन्सचा २०२५-२६चा क्रम कसा लावायचा?

अकरावा_भिडू

कॉलेज बास्केटबॉल, पुरुष विभाग. एका अंदाज-स्पर्धेसाठी सीझन सुरू व्हायच्या आत व्हॅलीच्या (मिसूरी व्हॅली ही अमेरिकेतल्या विद्यापीठ संघांची एक कॉन्फरन्स, म्हणजे साखळी गट) अकराही संघांचे क्रम भरून द्यायचे आहेत. प्रत्येक संघाचा आपण दिलेला क्रमांक आणि मार्चमधला खरा क्रमांक यांतला फरक मोजायचा. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकला. शिवाय सेंट लुईसची 'आर्च मॅडनेस' (सीझनअखेरची व्हॅलीची बाद फेरीची स्पर्धा) कोण मारेल तेही लिहायचंय.

आतापर्यंत केलेलं: गेल्या वर्षीच्या मिनिटांपैकी किती टक्के मिनिटं परतणाऱ्या खेळाडूंकडे आहेत त्याची एक्सेल शीट, आणि टॉर्विकची रेटिंग्ज (संघांची ताकद आकड्यात मांडणारं संकेतस्थळ). तीन ठिकाणी घोडं अडलंय.

१) रेटिंगवरून एकेक सामना मांडला की वरचा संघ २०-० येतो. हे काही खरं नाही.
२) ड्रेक कुठे टाकू? परतणारी मिनिटं जवळपास नाहीतच.
३) मिसूरी स्टेट कॉन्फरन्स यूएसएमध्ये गेल्यामुळे वेळापत्रकाचा काही हिशोब धरावा लागतो का?

पोझेशन_मोजा

तिसरा प्रश्न आधी निकालात काढू. गेल्या वर्षी १२ संघ आणि २० सामने होते, म्हणजे नऊ जणांशी दोनदा, दोघांशी एकदाच. कोणाशी एकदा, यावर एखादा विजय इकडेतिकडे व्हायचा. आता ११ संघ आहेत, दहा जणांशी घरी आणि बाहेर एकेक सामना. सोपं-अवघड वेळापत्रक हा रकाना शीटमधून उडवा.

२०-० येतं कारण तुम्ही 'वरचढ' म्हणजे 'विजयी' धरताय. विजय मोजू नका, शक्यता मोजा.

रेटिंग १०० पोझेशनमागे असतं (पोझेशन म्हणजे चेंडू एका संघाच्या ताब्यात असतानाची एक खेळी). व्हॅलीचा सामना ६५ पोझेशनचा धरा, म्हणजे रेटिंगमधल्या फरकाला ०.६५ने गुणलं की गुणांचा फरक मिळतो. घरच्या मैदानाचे ३ गुण मिळवा, बाहेर असेल तर ३ वजा करा. आलेल्या आकड्याला ११ने भागा (एका सामन्याचा निकाल अंदाजापासून साधारण तेवढा हलतो) आणि एक्सेलच्या नॉर्म-एस-डिस्ट या सूत्रात घाला, जिंकण्याची शक्यता मिळेल.

उदाहरणार्थ, सरासरी प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५ गुणांनी सरस संघ:
घरी: +८, शक्यता ७७ टक्के
बाहेर: +२, शक्यता ५७ टक्के
१० घरचे, १० बाहेरचे: १३.४ विजय

वीसही सामन्यांत वरचढ, तरी १३.४! तळाचा संघ ५ने कमी असेल तर ६.६ येतील. पडताळा सोपा: ११ संघांच्या विजयांची बेरीज ११० यायला हवी, कारण एकूण सामनेच तेवढे. आणि पहिल्या क्रमांकाला १४च दिसले म्हणून घाबरू नका. गेल्या सीझनला ड्रेक १७-३ आणि ब्रॅडली १५-५ होते, पण तो झालेला निकाल आहे. अंदाजाचं टेबल नेहमी चपटंच येतं.

हेल्प_साइड

ड्रेकबद्दल. तुमच्या शीटमधली खरी चूक 'परतणारी मिनिटं' विद्यापीठाच्या नावावर मोजण्यात आहे. एप्रिल २०२४पासून ट्रान्सफर कितीही वेळा करता येते, एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. तेव्हा मिनिटं प्रशिक्षकाच्या नावावर मोजा: हा खेळाडू याच प्रशिक्षकाच्या हाताखाली गेल्या वर्षी किती खेळला?

याचा पुरावा ड्रेकच आहे. २०२४मध्ये प्रशिक्षक डॅरियन डीव्रीज वेस्ट व्हर्जिनियाला गेले, त्यांचा मुलगा टकरही गेला. तुमच्या पद्धतीने ड्रेक कोरी पाटी. प्रत्यक्षात नवे प्रशिक्षक बेन मॅकॉलम यांनी नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटमधून (डिव्हिजन टू म्हणजे खालचा स्तर, तिथे चार राष्ट्रीय विजेतेपदं) स्टर्ट्झ, मस्कारी, अब्रेऊ आणि जॅक्सन असे चार जण सोबत आणले. स्टर्ट्झ तर जवळजवळ पूर्ण ४० मिनिटं खेळायचा. पाचातले चार जण एकमेकांना आणि पद्धतीला मुरलेले. त्यात देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक, त्यामुळे पोझेशन कमी आणि चेंडू हातून जाणं महाग. एनसीएएमध्ये (सीझनअखेरची राष्ट्रीय स्पर्धा) मिसूरीलाही ६७-५७ हरवलं. मग मॅकॉलम आयोवाला गेले आणि स्टर्ट्झसह बरेच जण त्यांच्यामागे.

आता एरिक हेंडरसन साउथ डकोटा स्टेटहून आलेत. त्यांच्यासोबत कोण आलं आणि तिथे त्याची मिनिटं किती होती, एवढाच रकाना भरा.

मात्र 'डिव्हिजन टूचा प्रशिक्षक म्हणजे लगेच चमत्कार' असंही धरू नका. जॉश शर्ट्झ लिंकन मेमोरियलहून इंडियाना स्टेटला आले तेव्हा पहिलं वर्ष ११-२० गेलं. ३२-७ तिसऱ्या वर्षी झालं.

अकरावा_भिडू

धन्यवाद दोघांनाही. मोठ्या कॉन्फरन्समध्ये राखीव बाकावर बसून मग व्हॅलीत आलेल्या खेळाडूंना किती भाव द्यावा? आणि विजयांची बेरीज ११० नाही, १२१ येतेय.

पोझेशन_मोजा

१२१ म्हणजे रेटिंग देशाच्या सरासरीशी मोजलंत. व्हॅली त्या सरासरीच्या वर आहे. आधी अकरा संघांची सरासरी काढा आणि प्रत्येकातून वजा करा. ११ जादा विजय म्हणजे सामन्यामागे साधारण दीड गुण, तेवढाच घोळ दिसतोय.

कोपऱ्यातला_तिहेरी

बाकावरच्यांना नावामुळे भाव देऊ नका. सामन्याला ८-१० मिनिटंच मिळालेल्या खेळाडूचे टक्के म्हणजे मूठभर फटके, त्यांवर विसंबू नये. दोन बेरजा करून पाहा. एक, संघाची सामन्यातली मिनिटं २००च्या (पाच जण, ४० मिनिटं) वर जात नाहीत. दुसरी, मैदानावरच्या पाच जणांच्या 'यूसेज'ची (संघाच्या किती खेळी त्या खेळाडूच्या हातून संपतात) बेरीज १०० टक्के. पाचही जण आपापल्या जुन्या संघात २६ टक्क्यांवाले असतील तर १३० होतात. चेंडू एकच आहे हो! तिघांना बाजूला उभं राहावं लागणार, आणि त्यांना झेल घेऊन फटका मारता येत नसेल तर कागदावरचा वाघ कागदावरच राहतो.

गेल्या वर्षीचे आकडे घेताना दोन गोष्टी सरासरीकडे ओढा: प्रतिस्पर्ध्यांचे तिहेरी (दुरून मारलेल्या तीन गुणांच्या) फटक्यांचे टक्के (यात बचावापेक्षा नशीब जास्त) आणि तीन किंवा कमी गुणांच्या फरकाने लागलेले निकाल. अशा सामन्यांत ८-२ असलेला संघ पुढल्या वर्षीही ८-२ राहील असं धरणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. इलिनॉय स्टेटने सीबीआय (एनसीएएत न गेलेल्या संघांची छोटी स्पर्धा) जिंकली त्याचंही वजन बेतानं. २०२५मध्ये त्या स्पर्धेच्या वेळी पोर्टल (ट्रान्सफरसाठी नाव नोंदवायची यादी) उघडलेलं होतं, समोरचा संघ पुरा असेलच असं नाही.

हेल्प_साइड

आणि तुमच्या गुणपद्धतीचा फायदा घ्या. फरकाची नुसती बेरीज आहे, वर्ग नाही, म्हणजे प्रत्येक संघाचा मध्यक क्रम हाच उत्तम. शीटवर हजार सीझन चालवा, पण प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला संघाच्या रेटिंगमध्येच थोडी अनिश्चितता घाला. प्रशिक्षक मुरलेला असेल (नॉर्दर्न आयोवाचे जेकबसन २००६पासून, ब्रॅडलीचे वॉर्डल २०१५पासून) तिथे ४ गुणांची, ड्रेक किंवा नव्या प्रशिक्षकाच्या मरे स्टेटला ६ची. जास्त अनिश्चित संघ आपोआप मधे सरकतील. ड्रेक पहिलाही येऊ शकतो आणि नववाही, म्हणून पाचवा-सहावा लिहायचा. बघणाऱ्याला हे भित्रेपणाचं वाटेल, गुणांना नाही.

कोपऱ्यातला_तिहेरी

सेंट लुईसचं वेगळं. तिथे मध्यक नाही, सर्वाधिक शक्यतेचा एकच संघ लिहा. ११ संघांत पहिल्या पाचांना बाय (पहिली फेरी न खेळता पुढे), त्यांना तीन दिवसांत तीन विजय लागतात. ६ ते ११ यांना चार. पहिल्या मानांकिताला ७५, ६५, ६० टक्के धरले तरी गुणाकार २९ टक्केच. २०२४मध्ये इंडियाना स्टेट १७-३ने पहिले आले, अंतिम सामना ड्रेककडून ८४-८०ने हरले आणि एनसीएएत गेलेच नाहीत.

मैदान त्रयस्थ आहे, तेव्हा ते ३ गुण त्या शीटमधून काढायला विसरू नका.

अकरावा_भिडू

सरासरी वजा केल्यावर ११०.२ आले. आता प्रशिक्षकनिहाय मिनिटांचा रकाना भरायला घेतो.