तेस्कात्लिपोकाच्या पायातला आरसा: चित्र की अक्षर?

मोडीवेडी:
बोर्जिया या जुन्या मेक्सिकोतल्या चित्रपोथीचं सतरावं पान महिनाभर ट्रेसिंग पेपरवर उतरवतेय. तेस्कात्लिपोका हा अॅझ्टेक देव उभा आहे, अंगावर नि भोवती तिथल्या पंचांगातल्या दिवसांच्या वीस खुणा. एका पायाला पाऊल नाही; तिथे गोल आरसा आणि त्यातून निघणारी धुराची वेटोळी. नाहुआतल या अॅझ्टेकांच्या भाषेत तेस्कात्ल म्हणजे आरसा, पोक्त्ली म्हणजे धूर, म्हणून देवाचं नाव 'धुमसता आरसा'. मग पायाजवळ देवाचं नाव लिहिलंय, की आरसा त्याच्या अंगाचा भाग आहे? मोडी वाचताना अक्षर हे अक्षरच असतं. इथे माझा हात अडतो.

घाटवाट:
निव्वळ अक्षर बघायचं तर मेन्दोसा पोथी उघडा. तीही मेक्सिकोचीच चित्रपोथी, पण स्पॅनिश राजवटीतली, आता ऑक्सफर्डला आहे. अशोकोपान प्रांताच्या खंडणीच्या पानावर तेस्कातेपेक गाव सापडेल: तेस्का आरसा, तेपे डोंगर, शेवटचा क म्हणजे 'वर, इथे'. तिथे आरसा कुणाचं तोंड दाखवत नाही, गावाचं नाव सांगतो. बोर्जियात मात्र तो देवाची ओळख आहे.

काळीकाच:
आरसा कशाचा ते विसरू नका. ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा. घासून गुळगुळीत केला तरी चेहरा अंधाऱ्या पाण्यात दिसावा तसा दिसतो. ब्रिटिश म्युझियममध्ये असा एक आहे, इंग्रज ज्योतिषी जॉन डी याच्याकडचा म्हणून ओळखला जाणारा. त्याची काच मेक्सिकोतल्या पाचुकाची असल्याचं २०२१ मध्ये तपासून सिद्ध झालं.

आणि दुरान या स्पॅनिश पाद्र्याने लिहून ठेवलंय की तेस्कात्लिपोकाच्या मूर्तीच्या हातात आरशासारखं लखलखतं सोनेरी ताट होतं. त्याचं नाव 'जिथून तो पाहतो'. म्हणजे माणसाने त्यात स्वतःला बघायचं नव्हतं. जगात काय चाललंय ते देव त्यात बघायचा. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मोडीवेडी:
'जिथून तो पाहतो' वाचून अंगावर काटा आला. स्पॅनिश काळातल्याच फ्लोरेन्स पोथीच्या बाराव्या खंडात सरोवरावरच्या लोकांनी अॅझ्टेक राजा मोक्तेसुमाकडे नेलेला करड्या रंगाचा पक्षी आठवला. डोक्यावर आरसा. राजाने त्यात आधी तारे पाहिले, पुन्हा पाहिलं तर हरणांसारख्या जनावरांवर बसून चाल करून येणारी माणसं, म्हणजे घोड्यांवरचे स्पॅनिश.

मी धूर वेगळ्या कागदावर काढला होता, रंग भरायला सोपं म्हणून. तो कागद बाजूला ठेवलाय. आज आरसा आणि धूर एकत्रच काढायला घेते.