मदत हवी आहे: कंपन्यांची बाजू सोडून प्रदूषणग्रस्तांची वकिली करायची आहे, पण पोट कसं भरायचं?

काठावरची:
नमस्कार मंडळी. सनद मिळून सहा वर्षं झाली. त्यातली चार पर्यावरण मंजुरीच्या कामात गेली, पण उद्योगांच्या बाजूने. आता उठून पलीकडे जाऊन बसायचंय. इथे कोणी ही वकिली प्रत्यक्ष करत असेल तर त्यांच्याकडून ऐकायचंय. 'किती छान विचार' म्हणणाऱ्यांचे आभार आधीच मानून ठेवते.

डोक्यात किडा कधी शिरला ते सांगते. एका जनसुनावणीला, म्हणजे प्रकल्पावर गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायच्या जाहीर बैठकीला, अशिलाच्या माणसांबरोबर मागच्या रांगेत बसले होते. एक आजी उठल्या आणि माईक न घेताच म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी कुठल्या पानावर हाय?" सल्लागाराने भूजलाचा तक्ता दाखवला. सगळे आकडे मर्यादेत. रात्री मी नकाशा उघडला, तर नमुन्यांच्या सगळ्या विहिरी प्रकल्पाच्या वरच्या अंगाला. आजींचं गाव उताराला. तक्त्यात खोटं असं काहीच नव्हतं. तोच तक्ता त्याआधी दोनदा माझ्या हाताखालून गेला होता आणि मी फक्त शुद्धलेखन बघितलं होतं.

मुख्य अडचण पैशांची. ज्यांच्या विहिरी नासल्या ते फी कुठून देणार? अमेरिकेतले रॉबर्ट बिलॉट केमिकल कंपन्यांच्या बाजूने लढणाऱ्या फर्ममधलेच. १९९८मध्ये एका शेतकऱ्याच्या गायी मरत होत्या, ते प्रकरण घेऊन ड्युपाँट या केमिकल कंपनीच्या मागे लागले ते २०१७मधल्या ६७ कोटी डॉलरच्या तडजोडीपर्यंत. पण तिथे भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेता येतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवताच येत नाही. मग इतकी वर्षं तग कशी धरायची?

दुसरं, जुन्या अशिलाच्या विरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहता येत नाही हे माहीत आहे. पण त्याच समूहाचा दुसराच प्रकल्प असेल तर? आणि हो, एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करू का?

नोंदवही:
एलएलएमचं सोडा. त्या पैशांत एखादा भूजलाचा जाणकार धरून ठेवा, जास्त उपयोगी पडेल.

नुसत्या हरित लवादावर, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या खास न्यायालयावर, घर चालवणारे माझ्या ओळखीत फार थोडे. मी निम्मा आठवडा भूसंपादनाचे आणि महसुलाचे दावे चालवतो, त्यावर बाकीचं उभं आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. १९८७च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मानधन फार नसतं, पण तिथूनच गावं तुम्हाला ओळखू लागतात.

खरा घोळ मुदतीचा. मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, उशीर माफ झाला तरी आणखी ६० दिवस, त्यापुढे लवादाचेही हात बांधलेले. गावकरी येतात तेव्हा बहुतेक वेळा हे दार बंद झालेलं असतं. मग लवादाच्या २०१०च्या कायद्याचं कलम १५ उघडायचं, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं मिळतात. आणखी एक, वनहक्क कायदा लवादाच्या अनुसूचीत, म्हणजे ज्या कायद्यांचे वाद लवाद ऐकतो त्या यादीत, नाही. ग्रामसभेची संमती डावलल्याची तक्रार असेल तर उच्च न्यायालय गाठा. मी हे एक मॅटर हरून शिकलो.

जुन्या अशिलांचं म्हणाल, तर दुसऱ्या प्रकल्पात नियम आडवा येईलच असं नाही, पण तुमच्या डोक्यातली माहिती येते. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ वाचा. काम संपलं तरी गुप्तता संपत नाही. शंका वाटली तर वकीलपत्र घेऊच नका. त्या आजींचं गाव तर तुम्हाला कायमचं बंद.

सातबारा:
वकील नाही, प्रकल्पाशेजारचा शेतकरी आहे. आम्हाला वकील लवादात लागतोच, पण त्याआधी जनसुनावणीच्या नोटिशीनंतरच्या ३० दिवसांत लागतो आणि तेव्हा कोणी फिरकत नाही. अहवाल इंग्रजीत भलामोठा, मराठीत फक्त सारांश. आमच्या गावात सगळे तावातावाने बोलले, टाळ्या पडल्या. इतिवृत्तात आलं, 'ग्रामस्थांनी रोजगाराबाबत विचारणा केली'. लेखी हरकत देऊन पोच घ्यायची असते हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही एका रात्रीत उतार ओळखलात ताई. आम्ही रोज त्या उतारावरून चालतो, पण नकाशा कसा वाचायचा ते येत नव्हतं.

काठावरची:
दोघांचेही आभार. पॅनेलचा अर्ज या आठवड्यातच भरते. सातबारा, पोच घेण्याचं मला कधीच सुचलं नसतं, आमच्याकडे ते काम क्लार्क करायचा.

नोंदवही सर, 'कायमचं बंद' वाचून पोटात गोळा आला. मी स्वतः नाही, पण त्या गावाला दुसरा वकील गाठून देऊन नकाशाचं नुसतं सुचवलं तर?

नोंदवही:
नाही. सुचवायचंही नाही, आणि तो किस्सा इथे लिहिलात तेवढा पुरे. अहवाल जाहीर असतो, नकाशा त्यातच असतो. तो कसा वाचायचा हे दुसऱ्या गावांना शिकवा. त्याला कोणी तुम्हाला अडवणार नाही.