प्रतिसाद : जादूची तलवार तुटण्याचा नियम

जादूची शस्त्रे तोडण्यास सरसकट बंदी असावी, नाहीतर खेळाडूची कमाई एका फटक्यात जाते, हे एका वाचकाचे मत मला पटत नाही, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवत फाशांवर खेळायच्या खेळाच्या ३.५ आवृत्तीत (२००३) शस्त्राच्या प्रत्येक प्लस १ मागे (म्हणजे जादूच्या प्रत्येक पायरीमागे) हार्डनेस (प्रत्येक फटक्यातून वजा होणारा कणखरपणा) २ ने आणि हिट पॉइंट (तुटेपर्यंत सोसता येणारी इजा) १० ने वाढतात. साध्या लाँगसोर्डचा हार्डनेस १० आणि हिट पॉइंट ५ असतात. तीच प्लस २ झाली की आकडे १४ आणि २५ होतात. सोटा घेतलेल्या ओगरचा (खेळातल्या एका धिप्पाड राक्षसाचा) फटका सरासरी १६ चा, म्हणजे हार्डनेस वजा जाता (त्याहून हलके फटके शून्य धरून) दर फटक्याला सरासरी जेमतेम अडीच हिट पॉइंट जातात आणि तलवार मोडायला दहाएक यशस्वी फटके लागतात. तेवढ्या वेळात ओगरच उरत नाही!

धरमपेठेतील आमच्या रविवारच्या गटाने पाथफाइंडर या त्याच धर्तीच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीतील तरतूद उचलली आहे : हिट पॉइंट निम्म्याखाली गेले की शस्त्र 'ब्रोकन' (मोडकळीस आलेले, पण वापरता येणारे) ठरते आणि हल्ला व इजा या दोन्हींवर उणे २ बसतो. त्यामुळे आमच्याकडे तलवार अद्याप एकही तुटलेली नाही, मात्र दुरुस्तीसाठी मोहीम अर्धवट टाकून गावात परतण्याची वेळ दोनदा आली.