लोकप्रतिनिधीची कामगिरी आणि फेरनिवड यांचा संबंध कसा तपासावा?

सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले कायद्याचे मसुदे) यांचा लोकप्रतिनिधीच्या फेरनिवडीवर कितपत परिणाम होतो, हे मला तपासायचे आहे. अडचण अशी की, संसदीय पद्धतीत मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, त्यामुळे आकड्यांत तो निष्क्रिय ठरतो. समितीच्या बंद बैठकीत एखादे कलम चिकाटीने बदलून घेणाऱ्याचे श्रेय तर मतदारांपर्यंत क्वचितच पोहोचते. शिवाय पराभवाची चिन्हे दिसू लागली की काहींना पक्षच उमेदवारी नाकारतो, काही स्वतःहून बाजूला होतात. मग केवळ पुन्हा उभे राहिलेल्यांची तुलना केल्यास निष्कर्ष फसवा निघणार. पक्षाची लाट वेगळी काढण्यासाठी त्याच पक्षाच्या शेजारच्या मतदारसंघांतील मतांची टक्केवारी ताडून पाहणे मला त्यातल्या त्यात बरे वाटते. मात्र मधल्या काळात मतदारसंघांची पुनर्रचना झाली असेल, तर तुलना कशाशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.